दोन गाणी, दोन षड्ज : हाउस संगीतातील सुरेल मिश्रण

एक गाणे संपण्यापूर्वीच दुसरे त्याच्याखालून सुरू करणे आणि नाचणाऱ्यांच्या पावलांना खंड जाणवू न देता पहिल्यातून दुसऱ्यात जाणे, हे डीजेच्या कामाचे मूळ होय. आणि ज्या अवधीत ही दोन्ही गाणी एकाच वेळी कानावर पडत असतात, त्या अवधीत त्यांच्या ठोक्यांप्रमाणे त्यांचे सूरही एकमेकांशी जुळावेत म्हणून जी निवड केली जाते, तिला या क्षेत्रात 'हार्मोनिक मिक्सिंग', म्हणजे सुरेल मिश्रण, असे म्हणतात. खानदेशात 'डीजे' म्हटले की बहुधा ट्रकवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत डोळ्यांसमोर येते. प्रस्तुत लेखात मात्र तो शब्द यंत्रे हाताळणाऱ्या कलावंतासाठी योजला आहे. लग्नाच्या वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत हा कलावंत गाणे एका झटक्यात तोडून दुसरे लावतो, त्यामुळे दोन गाण्यांचे सूर एकत्र येण्याचा प्रसंगच उद्भवत नाही. हाउस या प्रकारात परिस्थिती निराळी असते, कारण तेथे दोन गाणी मिनिटभर, कधी त्याहूनही अधिक काळ, एकमेकांवर पसरलेली असतात.

हाउस संगीताचा उगम अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. तेथील 'वेअरहाउस' या क्लबमध्ये १९७७ पासून फ्रँकी नकल्स हा डीजे वाजवीत असे आणि त्या क्लबच्या नावावरूनच या प्रकाराला हाउस हे नाव मिळाले, असे सामान्यतः मानले जाते. चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर पडणारा किक ड्रमचा ठोका हा त्याचा कणा असून, मध्यम लयीच्या हाउसमध्ये मिनिटाला साधारण ११५ ते १२४ ठोके पडतात. लय १२० धरली तर एक आवर्तन, ज्याला डीजे 'बार' म्हणतात, बरोबर दोन सेकंदांत पूर्ण होते. आठ बारांचा तुकडा सोळा सेकंदांचा आणि बत्तीस बारांचा तुकडा चौसष्ट सेकंदांचा होतो. बहुतेक ट्रॅक अशाच आठाच्या पटींत बांधलेले असतात आणि त्यांच्या आरंभी व शेवटी नुसत्या तालवाद्यांचा लांब पट्टा ठेवलेला असतो, तो पुढच्या डीजेला जोडणी करता यावी म्हणूनच. लय मध्यम असल्यामुळे दोन ठोक्यांमध्ये मोकळी जागा राहते, त्या जागेत बासची ओळ, कीबोर्डचे स्वरसमूह आणि आवाज स्पष्ट ऐकू येतात, आणि म्हणूनच वेगवान, गोंगाटी संगीतात खपून जाणारा बेसूरपणा येथे लपत नाही.

ठोके जुळविण्याची कला सुरांच्या जुळणीहून जुनी आहे. न्यूयॉर्कमधील 'सँक्चुअरी' या क्लबमध्ये १९७० च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो हा दोन तबकड्यांचे ठोके एकमेकांवर बसवून गाणी सलग वाजवीत असे. पुढे १९७२ मध्ये बाजारात आलेला आणि १९७९ मध्ये सुधारलेला 'टेक्निक्स एसएल-१२००' हा टर्नटेबल या कामाचे प्रमाण साधन बनला, कारण त्याच्या सुधारित आवृत्तीवरील सरकपट्टीने तबकडीचा वेग आठ टक्क्यांपर्यंत कमीअधिक करता येत असे. परंतु तबकडीचा वेग वाढला की तिच्यावरील प्रत्येक सूरही चढतो. सप्तकाचे बारा समान भाग पाडले असता लगतच्या दोन स्वरांतील अंतर वारंवारतेच्या हिशेबाने जवळजवळ सहा टक्के असते, म्हणजे सहा टक्के वेग वाढविला तर पेटीवरील पांढरी सहाचे गाणे तिच्या लगेच वरच्या काळी पाचमध्ये पोहोचते. त्याहून त्रासदायक स्थिती मधल्या अंतराची असते : ११८ लयीचा ट्रॅक १२२ वर नेला तर त्याचा सूर अर्ध्या स्वरांतराहून थोडा अधिक सरकतो आणि तो कोणत्याही पट्टीत धड बसत नाही. संगणकीय यंत्रे आल्यावर सूर न हलविता वेग बदलण्याची सोय झाली, जिला 'की लॉक' किंवा 'मास्टर टेम्पो' म्हणतात. तेव्हापासून गाण्याची पट्टी ही डीजेच्या हाती स्थिर राहणारी वस्तू झाली आणि पट्ट्यांच्या नात्यांचा पद्धतशीर विचार करणे शक्य झाले.

पट्टी ही कल्पना मराठी वाचकाला समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. पूर्वी एदलाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, खानदेशातील मुक्ताईनगरात, जवळच्या कोथळीच्या मुक्ताई मंदिरात किंवा तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव येथे भजनाला बसलेल्या मंडळींत पेटीवाला गायकाला पट्टी विचारतो, गायक 'काळी एक' किंवा 'काळी दोन' असे सांगतो, आणि तेवढ्याने षड्ज निश्चित होऊन पखवाजही त्या सुराशी मिळविला जातो. आषाढीला येथून पंढरपूरकडे निघणारी मुक्ताईची पालखी ही दूरवरून जाणाऱ्या पालख्यांपैकी एक आहे. तिच्या वाटेवर दोन दिंड्या जवळजवळ आल्या की प्रत्येकीची पट्टी आणि लय वेगळी असल्यामुळे मध्ये उभ्या असलेल्या माणसाला दोन षड्ज एकाच वेळी ऐकू येतात. डीजेपुढील प्रश्न नेमका हाच आहे, फरक एवढाच की कोणते दोन षड्ज शेजारी आणावयाचे याची निवड त्याच्या हाती असते.

या निवडीसाठी जगभर जे साधन वापरले जाते, त्याला 'कॅमेलॉट चक्र' म्हणतात. अमेरिकेतील मार्क डेव्हिस याने पाश्चात्त्य संगीतातील जुन्या पंचम-चक्राला घड्याळाच्या तबकडीसारखे बारा आकडे दिले आणि प्रत्येक आकड्याच्या दोन बाजू केल्या : शुद्ध गांधाराच्या, म्हणजे मेजर, पट्टीसाठी 'बी' आणि कोमल गांधाराच्या, म्हणजे मायनर, पट्टीसाठी 'ए'. या मांडणीत पांढरी एकची मेजर पट्टी '८बी' होते आणि पांढरी सहाची मायनर पट्टी '८ए' होते. संगणकावरील प्रणाली प्रत्येक ट्रॅक तपासून त्याला असा क्रमांक देते आणि डीजेला एवढेच पाहावे लागते की पुढचा ट्रॅक त्याच क्रमांकाचा, एकाने पुढचा, एकाने मागचा किंवा त्याच आकड्याच्या दुसऱ्या अक्षराचा आहे. नियम सोपा आहे, पण तो का चालतो हे आकडा सांगत नाही. आणि ते सांगण्यासाठी हिंदुस्थानी संगीताची परिभाषा पाश्चात्त्य परिभाषेहून कमी उपयोगाची नाही, किंबहुना मराठी कानाला तीच अधिक जवळची आहे.

चक्रावर एक घर पुढे जाणे म्हणजे जुन्या षड्जाच्या पंचमाला नवा षड्ज मानणे, आणि एक घर मागे जाणे म्हणजे मध्यमाला षड्ज मानणे. षड्ज-पंचम आणि षड्ज-मध्यम हे दोन्ही संवाद तानपुऱ्याच्या तारांतून प्रत्येक गायकाच्या कानात मुरलेले असतात. अशा शेजारच्या पट्टीत सातांपैकी सहा स्वर तेच राहतात आणि एकच बदलतो. पांढरी एकच्या बिलावल थाटात एखादा ट्रॅक असेल आणि त्याच्यावर '९बी'चा, म्हणजे पांढरी पाचचा, मेजर ट्रॅक आणला, तर जुन्या षड्जावरून ऐकणाऱ्याला केवळ मध्यम तीव्र झालेला जाणवतो, म्हणजे तो बिलावलातून कल्याणात येतो. '७बी'कडे गेल्यास फक्त निषाद कोमल होऊन खमाज उभा राहतो. मायनर बाजूला '८ए' हा आसावरी थाट धरला तर '९ए' आणताना धैवत शुद्ध होऊन काफीची छाया येते, आणि '७ए' आणताना ऋषभही कोमल होऊन भैरवीची. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांच्या वर्गीकरणासाठी रूढ केलेली थाटपद्धती नृत्यगृहातील जोडणीसाठी योजलेली नव्हती हे उघड आहे. तथापि चक्रावर पुढे गेल्यास गाणे का उजळते आणि मागे गेल्यास का गडद होते, याचे उत्तर 'ऊर्जा वाढते' या डीजेंच्या मोघम भाषेपेक्षा ती किती तरी नेमकेपणाने देते.

एकाच आकड्याच्या दोन अक्षरांमधील नाते याहून सूक्ष्म आहे. '८ए' आणि '८बी' यांचे सातही स्वर तेच असतात, बदलतो तो केवळ षड्ज. यालाच भारतीय शास्त्रात मूर्च्छना म्हणतात : स्वर तेच ठेवून आधारस्वर हलविला की रागच पालटतो. पांढरी एकवर भूप गाताना जे पाच स्वर लागतात, त्यांतील धैवताला षड्ज मानले तर धानी मिळतो, गांधाराला मानले तर मालकंस आणि पंचमाला मानले तर दुर्गा. यातील पहिली उडी ही चक्रावरील '८बी' ते '८ए' हीच होय. म्हणून भूपाच्या अंगाचा मेजर ट्रॅक संपत असताना त्याच्याखाली धानीच्या अंगाचा मायनर ट्रॅक आणला, तर एकही स्वर खटकत नाही, आणि तरीही बासची ओळ नव्या षड्जावर येऊन बसताच साऱ्या गाण्याचा भाव बदलतो. श्रोत्याला बदल कळतो, पण तो कोणत्या क्षणी झाला हे सांगता येत नाही. मिश्रणातील हा परिणाम सर्वांत देखणा म्हणावा लागेल.

दोन षड्जांवरचे गाणे एकाच वेळी सादर करण्याचा जाणीवपूर्वक प्रयोग शास्त्रीय संगीतातही झाला आहे. स्त्री आणि पुरुष यांच्या आवाजांच्या पट्ट्या वेगळ्या असल्यामुळे त्यांची जुगलबंदी एका पट्टीत कोणाला तरी अवघड जाते. पुरुष बहुधा काळी एकच्या आसपास गातो आणि स्त्री काळी तीन ते काळी पाचच्या पट्ट्यांत. पंडित जसराज यांच्या संकल्पनेतून आलेल्या 'जसरंगी' या प्रकारात यावर असा उपाय काढला गेला की पुरुषाचा मध्यम किंवा पंचम हाच स्त्रीने आपला षड्ज मानावा, आणि दोघांनी मूर्च्छनेच्या नात्याने बांधलेले दोन वेगवेगळे राग एकाच वेळी गावेत. संजीव अभ्यंकर आणि अश्विनी भिडे-देशपांडे यांनी हा प्रकार मैफलींतून अनेकदा सादर केला आहे. काळी एकचा मध्यम काळी तीनवर आणि पंचम काळी चारवर येतो; म्हणजे जसरंगीतील दोन गायकांमधील अंतर आणि कॅमेलॉट चक्रावरील शेजारच्या दोन घरांमधील अंतर एकच आहे. एका ठिकाणी गायकांच्या गळ्याच्या मर्यादेतून आणि दुसऱ्या ठिकाणी तबकड्यांच्या जोडणीतून एकाच उत्तरापर्यंत पोहोचले जावे, यात आश्चर्य नाही, कारण दोन षड्ज सुखाने एकत्र नांदण्याच्या वाटाच मुळात फार थोड्या आहेत.

महाराष्ट्राचा हाउसशी असलेला संबंध केवळ तुलनेपुरता नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेले चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या तालयंत्रावर आणि सिंथेसायझरवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' या नावाच्या त्या तबकडीकडे तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही, पण २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाल्यावर जाणकार चकित झाले, कारण शिकागोतील 'अ‍ॅसिड हाउस'चा आरंभ मानल्या जाणाऱ्या १९८७ च्या 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'शी तिचे विलक्षण साम्य होते आणि ती त्याच्या पाच वर्षे आधीची होती. अलीकडे २०२४ मध्ये क्रेटेक्स या मराठी निर्मात्याने श्रेयस सागवेकर यांच्यासह केलेले 'तांबडी चामडी' हे गाणे नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केले, आणि मराठी शब्दांच्या हाउसला 'एम-हाउस' हे नावही रूढ होऊ लागले. मराठी गाणे हाउसच्या सेटमध्ये जोडण्याचा प्रश्न त्यामुळे आता काल्पनिक उरलेला नाही.

प्रत्यक्ष जोडणी कशी होते, हे एका उदाहरणाने पाहता येईल. पहिला ट्रॅक १२० लयीचा आणि '८ए' पट्टीचा आहे, दुसरा १२२ लयीचा आणि '९ए'चा आहे, असे समजू. दुसऱ्याची लय १२० वर आणली जाते. की लॉक न लावल्यास त्याचा सूर स्वरांतराच्या चौथाईहून थोडा अधिक उतरेल, म्हणून तो लावलेला बरा. पहिल्या ट्रॅकचे शेवटचे बत्तीस बार सुरू होताच दुसऱ्याचा तालवाद्यांचा आरंभ हळूहळू आत आणला जातो, मात्र मिक्सरवरील इक्वलायझरने त्याचा खर्ज पूर्ण दाबलेला असतो. सोळा बार झाल्यावर एकाच ठोक्यावर पहिल्याचा खर्ज काढून दुसऱ्याचा सोडला जातो. पुढच्या सोळा बारांत पहिल्याचे स्वरसमूह विरत जातात, दुसऱ्याचे येत जातात, आणि काम संपल्यावर लय अगदी सावकाश १२२ वर नेली जाते. दोन गायकांचे आवाज या काळात एकमेकांवर येऊ नयेत, कारण पट्टी कितीही जुळली तरी दोन ओळींचे शब्द एकमेकांना खाऊन टाकतात.

खर्जाबाबत ही एवढी काळजी का, याचे कारण ध्वनिशास्त्रात आहे. पांढरी सहाचा खोल बास सेकंदाला ५५ कंपनांचा असतो आणि त्याच्या लगतच्या काळी पाचचा सुमारे ५८ कंपनांचा. हे दोन्ही एकत्र वाजले तर त्यांच्या कंपनांच्या फरकाइतके, म्हणजे सेकंदाला तीनाहून थोडे अधिक, हेलकावे निर्माण होतात, आणि मोठ्या ध्वनिक्षेपकांवर ते किकच्या ठोक्यांशी भांडू लागतात. किकलाही स्वतःचा सूर असतो. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावून खर्ज साधणाऱ्या वादकाला हे सांगावे लागत नाही, पण क्रमांक पाहून ट्रॅक निवडणारे पुष्कळ डीजे ते विसरतात. चक्रावर अचूक जुळणारे दोन ट्रॅकसुद्धा बास एकत्र सोडल्यामुळे चिखलासारखे ऐकू येतात, आणि उलट, एका बाजूला नुसती तालवाद्ये असतील तर चक्रावर कितीही दूरचे ट्रॅक निर्वेधपणे जोडता येतात.

चक्राच्या आहारी जाण्याचा दुसरा तोटा एकसुरीपणाचा. संपूर्ण रात्र एकाच आकड्याच्या अवतीभवती फिरणारा सेट निर्दोष असला तरी कंटाळवाणा होतो. त्यावर उपाय म्हणून मधूनच एक स्वरांतर वर उडी घेतली जाते; चक्रावर ती सात घरांची उडी असते, '८ए' वरून थेट '३ए'वर. अशी उडी बत्तीस बारांच्या मिश्रणात घेतली तर असह्य होते, मात्र ताल थांबून सूर विरलेल्या क्षणी नवा ट्रॅक पूर्ण ताकदीने सोडला तर तीच उडी रंग भरते.

खरी परीक्षा होते ती खानदेशातील आवाज या सेटमध्ये आणताना, मग ते अहिराणीतील लग्नगीत असो, मुक्ताईनगर-रावेरकडच्या लेवा बोलीतील ओव्या असोत किंवा भजन असो. पट्टी ओळखणारी प्रणाली मेजर आणि मायनर एवढेच दोन साचे जाणते. भैरवीचा कोमल ऋषभ किंवा तोडीचा तीव्र मध्यम तिच्या कोणत्याच साच्यात बसत नाही आणि ती जवळचा वाटणारा क्रमांक ठोकून देते. साथीला वाद्यच नसेल तर गायिकेचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मध्ये कोठेही असू शकतो. जुन्या कॅसेटवरून संगणकावर घेतलेल्या भजनात कॅसेटयंत्राच्या वेगाचा दोषही मिसळलेला असतो, आणि तीन टक्क्यांचा दोष म्हणजे अर्धे स्वरांतर. अशा ठिकाणी क्रमांक बाजूला ठेवून हेडफोनवर पेटीचा एकच स्वर धरून षड्ज शोधावा लागतो, आणि तो सापडला की दुसऱ्या ट्रॅकचा बास त्या षड्जाशी, त्याच्या पंचमाशी किंवा मध्यमाशी जुळतो की नाही एवढेच पाहावे लागते.

तालाचाही विचार येथे अटळ ठरतो. आठ मात्रांचा भजनी ठेका हाउसच्या दोन बारांवर सहज बसतो, पण सहा मात्रांच्या दादऱ्यातील लोकगीत बसत नाही; त्याची लय १८० केली तर त्याच्या सहा मात्रा १२० लयीच्या एका बारात, म्हणजे दोन सेकंदांत, पूर्ण होतात आणि चारावर सहा अशी दीडपट, जिला तबलावादक आड लय म्हणतात, ती उभी राहते. हा प्रयोग अवघड असला तरी साधला तर साध्या चारावर चार जोडणीपेक्षा अधिक डौलदार वाटतो. सूर जुळविण्यासाठी दोहोंपैकी एक बाजू हलवावी लागणारच असेल, तर ती हाउसच्या ट्रॅकची हलवावी : यंत्रावर जन्मलेला बास एकदोन स्वरांतरे खाली गेल्याने त्याचे काही बिघडत नाही, पण ओवी गाणाऱ्या बाईचा आवाज तेवढाच सरकविला तर त्याचा पोत बदलतो आणि ती बाई कोणी दुसरीच वाटू लागते.